टेपवर्मच्या अळ्यांचा अभ्यास उंदरात करायचाय? होस्ट निवडण्यापासून पॅसेजपर्यंत सगळं

पॅरासाइटॉलॉजीत एमव्हीएससी किंवा पीएचडीला लागलेली बरीच मुलं सिस्टिसर्कोसिस, म्हणजे टेपवर्मच्या अळीने होणारा रोग, हा विषय घेतात आणि पहिल्याच महिन्यात एका प्रश्नावर घोडं अडतं, की माणसाच्या टेपवर्मची अळी उंदरात वाढते का? सरळ उत्तर असं की साध्या, धडधाकट उंदरात नाही वाढत. टिनिया सोलियमची, म्हणजे डुकरातून माणसाला होणाऱ्या टेपवर्मची अळी डुकराच्या मांसात बसते, आणि अंडी पोटात गेली तर माणसाच्या मेंदूत, डोळ्यात, स्नायूतही बसते. मेंदूत बसली की न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे फिट्स येण्याचं एक मोठं कारण, आपल्याकडे न्यूरोलॉजीच्या ओपीडीत हे नेहमी दिसतं. पण हीच अंडी नेहमीच्या लॅबमधल्या उंदराला दिली तर त्याची इम्युनिटी ती टिकू देत नाही. म्हणून उंदीर वापरायचा तर थोडा वळसा घालूनच वापरावा लागतो, आणि कुठला वळसा घ्यायचा हे तुमच्या प्रश्नावर ठरतं. मी हे इतकं ठासून सांगतेय कारण लोक आधी उंदीर ऑर्डर करतात आणि मग प्रश्न शोधतात, यात पैसा तर जातोच पण जनावरं फुकट मरतात, आणि ते मला अजिबात पटत नाही.

तर आधी होस्ट, म्हणजे अळी ज्याच्यात वाढवायची ते जनावर, निवडूया.

तुम्हाला खरीखुरी माणसाचीच स्पीशीज हवी असेल, म्हणजे सोलियम, सॅजिनाटा किंवा एशियाटिका यांच्यात फरक बघायचाय, तर एससीआयडी किंवा एनओडी-एससीआयडी उंदीर. यांच्यात टी आणि बी सेल्स नसतात, त्यामुळे अळीला हाकलून लावणारं कोणी नसतं. १९९७ मध्ये जपानी संशोधक अकिरा इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अंड्यातून लॅबमध्ये बाहेर काढलेले ऑन्कोस्फिअर, म्हणजे अंड्यातली अगदी पहिली अळी, अशा उंदरात टोचले की त्यांचे सिस्टिसर्कस, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या अळ्या (पुढे त्यांनाच सिस्ट म्हटलंय), होतात. चांगलंच काम होतं ते, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ज्या उंदराला इम्युनिटीच नाही त्याच्यात इम्यून रिस्पॉन्सचा अभ्यास करता येत नाही, हे उघड आहे तरी लोक प्रपोजलमध्ये लिहितात. आणि दुसरं, त्यासाठी सोलियमची जिवंत अंडी हाताळावी लागतात, त्यातलं एक जरी तुमच्या तोंडात गेलं तर सिस्ट तुमच्याच मेंदूत होऊ शकते. ही अंडी अल्कोहोलला दाद देत नाहीत, टेबल स्पिरिटने पुसलं की झालं असं इथे चालत नाही, उष्णता लागते. सोलियमच्या अंड्यांचं काम वाचून शिकायचं नाही, जिथे ते रोज चालतं अशा लॅबमध्ये जाऊन कोणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकायचं, म्हणून त्याच्या स्टेप्स मी इथे देत नाहीये.

मेंदूतली सूज, फिट्स, औषधानंतर मेंदूत काय होतं हे बघायचं असेल तर रॅट (नुसतं उंदीर म्हटलंय तिथे माऊस समजा). पेरूमधल्या ग्रुपने २०१५ मध्ये रॅटच्या पिल्लांच्या मेंदूत सोलियमचे ऑन्कोस्फिअर टोचून न्यूरोसिस्टिसर्कोसिसचं मॉडेल उभं केलं, आणि त्यात सिस्ट खरोखर मेंदूत वाढल्या. त्याच्या आधी मेसोसेस्टॉइडिस कॉर्टी नावाची दुसरीच अळी उंदराच्या मेंदूत टोचून इम्युनॉलॉजीचं बरंच काम अमेरिकेत झालं होतं. दोन्हीला सर्जरीचा हात लागतो, भूल, नंतरची काळजी, सगळं आलं. नवशिक्याने इथून सुरुवात करू नये.

हायडॅटिडचा, म्हणजे एकायनोकॉकसचा प्रश्न असेल तर खाटीकखान्यातून आलेल्या मेंढीच्या किंवा म्हशीच्या सिस्टमधले प्रोटोस्कोलेक्स, म्हणजे टेपवर्मची बारीक डोकी, काढून उंदराच्या पोटात टोचतात, पण सिस्ट दिसायला सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात, दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये ते कसं बसवायचं ते आधी बघा. एकायनोकॉकसचीच दुसरी स्पीशीज, मल्टिलॉक्युलॅरिस, मात्र जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात झपाट्याने वाढते.

आणि बाकी बहुतेकांसाठी, म्हणजे औषध तपासायचंय, अँटिजेन बनवायचंय, टीएच१ टीएच२ (इम्यून रिस्पॉन्सचे दोन प्रकार) बघायचंय, मादी-नर फरक बघायचाय, तर टिनिया क्रॅसिसेप्स हा टेपवर्म आणि बाल्ब-सी जातीचे उंदीर. पुढचं सगळं याच जोडीबद्दल आहे कारण हीच सगळ्यात कामाची आणि परवडणारी जोडी आहे.

क्रॅसिसेप्स हा मुळात कोल्ह्याचा टेपवर्म, त्याची अळी निसर्गातच उंदरांमध्ये राहते, म्हणजे इथे उंदीर हा जबरदस्तीचा होस्ट नाही, त्याचा नेहमीचाच आहे. मोठी सोय अशी की ही अळी उंदराच्या पोटाच्या पोकळीत स्वतःला अंकुर फोडून वाढते, एकाच्या दोन, दोनाच्या चार, त्यामुळे अंडी लागतच नाहीत, एका उंदरातल्या सिस्ट काढायच्या आणि दुसऱ्यात टोचायच्या. लॅबमध्ये जास्त करून ओआरएफ स्ट्रेन वापरतात, कॅनडात आर. एस. फ्रीमन यांच्या कामातून आलेली. ती इतकी वर्षं उंदरातून उंदरात फिरतेय की तिला आता डोकं, म्हणजे स्कोलेक्स, येत नाही आणि ती मोठा टेपवर्म होऊ शकत नाही. डब्ल्यूएफयू स्ट्रेनला स्कोलेक्स येतो पण ती हळू वाढते. मेक्सिकोच्या यूएनएएम विद्यापीठात कार्लोस लारराल्दे, एडा स्कियुतो यांच्या ग्रुपने याच अळीवर कित्येक वर्षं काम करून सोलियमसाठीची एस३पीव्हॅक लस तयार केली. तिच्यातले तीन पेप्टाइड क्रॅसिसेप्सच्या जीन्समधून शोधले, आधी उंदरात तपासले आणि मग पुएब्लाच्या खेड्यांतल्या डुकरांमध्ये. उंदरातून डुकरापर्यंत जाता येतं ते या दोन स्पीशीजचे अँटिजेन एकमेकांना इतके मिळतात म्हणून.

पण मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट लिहा थिसिसमध्ये. सोलियमची सिस्ट अंकुरत नाही, एका अंड्यातून एकच सिस्ट. आणि तुम्ही थेट सिस्ट टोचताय म्हणजे अंडं, ऑन्कोस्फिअर, आतड्यातून आत शिरणं हे सगळं वगळलं जातं. टीएसओएल१८ ही डुकरांची लस, जी हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स सिस्व्हॅक्स या नावाने बनवते, ती ऑन्कोस्फिअरवर काम करते, तसली लस तुम्ही या मॉडेलमध्ये तपासलीत तर उत्तर काहीच मिळणार नाही.

आता कागदपत्रं. संस्थेची सीसीएसईए नोंदणी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीकडची (जुने लोक अजून सीपीसीएसईएच म्हणतात), आयएईसीकडे, म्हणजे संस्थेच्याच प्राणी-प्रयोग एथिक्स कमिटीकडे, फॉर्म बी हा प्रयोगाचा अर्ज, आणि बायोसेफ्टी कमिटीची मंजुरी. उंदीर-रॅटचं आयएईसीच्या पातळीवरच मंजूर होतं, पण मीटिंग रोज नसते, त्यामुळे तारीख विचारून ठेवा. स्ट्रेन बाहेरच्या देशातून येणार असेल तर आयातीची परवानगी आणि मटेरियल ट्रान्सफरचे कागद फॉर्म बी सोबतच सुरू करा. फॉर्ममध्ये जनावरांची संख्या लिहिताना स्ट्रेन जिवंत ठेवायला लागणारे उंदीर वेगळे धरा, हे हमखास राहतं आणि मग मध्येच अमेंडमेंटसाठी धावपळ होते.

उंदीर मागवताना नुसतं बाल्ब-सी लिहू नका, सबस्ट्रेन लिहा. बाल्ब-सी-एएनएन मध्ये अळी जोरात वाढते, बाल्ब-सी-जे मध्ये फारशी वाढत नाही. नाव एकच, पण जे सबस्ट्रेनमध्ये क्यूए-२ नावाचं प्रोटीन असतं आणि ते असलं की उंदीर अळीला तोंड देतो, हे क्यूए-२ चा जीन घातलेल्या ट्रान्सजेनिक उंदरांवर तपासलेलं आहे. सी५७ब्लॅक६ जातीचा उंदीर पण टिकाव धरणारा, त्यामुळे तो तुलनेसाठी चांगला. सप्लायरने सबस्ट्रेन सांगितलं नाही तर फोन करून विचारा, बिलावर लिहून घ्या.

मादी की नर? स्ट्रेन ठेवायला मादी, ६ ते ८ आठवड्यांची. सुरुवातीच्या आठवड्यांत मादीत सिस्ट नरापेक्षा कितीतरी जास्त वाढतात. नंतर गंमत अशी होते की नरात इस्ट्रोजेन प्रचंड वाढतं, टेस्टोस्टेरॉन कोसळतं, आणि मग नर-मादी फरक पुसला जातो, मेक्सिकोच्या ग्रुपने जुनाट इन्फेक्शनच्या नरांमध्ये इस्ट्राडायोल सुमारे २०० पट वाढलेलं आणि टेस्टोस्टेरॉन ९०% उतरलेलं मोजलं होतं. मला या सगळ्या विषयातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं, की पोटातला एक किडा होस्टचे हार्मोन्स स्वतःच्या सोयीचे करून घेतो. तुमच्यासाठी त्याचा अर्थ इतकाच की एका ग्रुपमध्ये नर-मादी मिसळायचे नाहीत, आणि खाद्य एकाच कंपनीचं एकाच बॅचचं ठेवायचं, कारण सोया असलेल्या खाद्यात इस्ट्रोजेनसारखे पदार्थ असतात.

ऍनिमल हाऊसमध्ये दोन गोष्टी स्वतः बघून या. खाद्याच्या आणि भुशाच्या गोदामात मांजर शिरतं का? मांजराच्या टेपवर्मची, टिनिया टेनिफॉर्मिसची अंडी त्यातून येतात आणि मग तुमच्या रॅटच्या लिव्हरवर पांढऱ्या गाठी निघतात, आपल्याकडे बाजारपेठेतल्या घुशी-उंदरांत त्या सर्रास सापडतात. आणि कॉलनीत हायमेनोलेपिस नाना आहे का? तो उंदरात गुपचूप राहतो, सगळं इम्युनॉलॉजीचं गणित बिघडवतो आणि माणसालाही होतो. लेंडी तपासून घ्या, एक सकाळचं काम आहे. उंदीर आले की एक आठवडा नुसते राहू द्या, १२ तास उजेड १२ तास अंधार, आणि मे महिन्यात एसीला बॅकअप आहे ना ते बघा.

आता मुख्य काम, पॅसेज, म्हणजे एका उंदरातल्या सिस्ट काढून दुसऱ्यात टोचणं.

डोनर म्हणजे साधारण ८ आठवड्यांपूर्वी टोचलेली मादी. कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडून सॅक्रिफाइस करायचं, एकदम जोरात गॅस सोडायचा नाही, आणि नंतर मान डिसलोकेट करून खात्री करायची. पोटाची कातडी ७०% अल्कोहोलने ओली करा, आधी कातडी कापून मागे सारा, मग पोटाचा पडदा वेगळ्या निर्जंतुक कात्रीने उघडा. सिस्ट आपोआप बाहेर येतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या, पारदर्शक आणि ओघळणाऱ्या, काही टाचणीच्या डोक्याएवढ्या काही वाटाण्याएवढ्या. त्या पेट्री डिशमध्ये निर्जंतुक पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेट बफर घातलेल्या सलाइनमध्ये घ्या, पीएच ७.२, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घातलेलं. पीबीएस स्वच्छ दिसेपर्यंत धुवा, घाईत दोनदा धुऊन सोडू नका, नाहीतर डोनरच्या पेशी पण पुढच्या उंदरात जातात आणि पहिल्या आठवड्याचा इम्यून डेटा त्याने खराब होतो.

मग स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली निवड. खूप लोक हे काम उरकतात, पण सगळा प्रयोग इथेच ठरतो. हव्यात त्या सिस्ट साधारण २ मिमीच्या, काचेसारख्या स्वच्छ, अंकुर नसलेल्या. कडेला बारीक फुगवटा दिसला की ती अंकुरतेय, बाजूला ठेवा. पिवळट, गढूळ, आतलं पाणी आटलेली सिस्ट म्हातारी किंवा मेलेली असते, तीही नको. जिवंत सिस्ट नीट बघत राहिलात तर तिची भिंत हळूच आकसते आणि सैल होते, ती हालचाल दिसलीच पाहिजे. मोजताना गफलत झाली तर ती लहान राहत नाही, कारण ही वाढ गुणाकाराने होते, आज एका उंदरात ८ आणि दुसऱ्यात १२ गेल्या तर ८ आठवड्यांनी तो फरक शेकड्यांत दिसतो आणि तुम्ही म्हणता औषधाने फरक पडला. म्हणून प्रत्येक उंदरासाठी १० सिस्ट वेगळ्या मोजून, वेगळ्या विहिरीत ठेवायच्या, २४ विहिरींची कल्चर प्लेट यासाठी छान पडते.

सिरिंजमध्ये ०.३ मिली पीबीएससोबत १० सिस्ट. नीडलचा गेज कोणी सांगितला म्हणून डोळे झाकून वापरू नका. सिस्ट मऊ असते, दबून बारीक भोकातून जातेही, पण फार बारीक असली की फाटते. आधी तुमच्या नीडलमधून १० सिस्ट रिकाम्या पेट्री डिशमध्ये सोडा आणि मायक्रोस्कोपखाली बघा किती शाबूत आहेत, सगळ्या शाबूत निघाल्या तरच ती नीडल, नाहीतर एक साइज जाड घ्या. उंदराला मानेच्या कातडीने धरून उताणा करा, डोकं किंचित खाली, आणि पोटाच्या खालच्या भागात त्याच्या उजव्या बाजूला टोचा, डावीकडे सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) आणि मधे ब्लॅडर असतं. दट्ट्या जरा मागे ओढून बघा, रक्त किंवा हिरवट पाणी आलं तर बाहेर काढा. सिस्ट सिरिंजमध्ये तळाला बसतात आणि भिंतीला चिकटतातही, त्यामुळे भरली की लगेच टोचा, आणि टोचून झाल्यावर तीच सिरिंज पीबीएसने धुऊन डिशमध्ये सोडा, आत दोन राहिल्या असतील तर त्या उंदरात ८ च गेल्यात आणि तसं वहीत लिहायचं. नीडलला परत टोपण लावू नका. क्रॅसिसेप्स माणसात क्वचितच होतो, पण इम्युनिटी खालावलेल्या लोकांमध्ये, एड्सच्या पेशंटमध्येही, झालेला आहे, म्हणून ग्लोव्ह्ज आणि चष्मा दोन्ही, आणि टीममधलं कोणी स्टिरॉइड किंवा केमोवर असेल तर त्यांना हे काम द्यायचं नाही.

पुढचे आठवडे निरीक्षण, आणि इथे एक फसवी गोष्ट आहे. वजन. नेहमीच्या प्रयोगात वजन घटलं की उंदीर आजारी समजतो, पण इथे पोटात सिस्टचं ओझं वाढत असतं, त्यामुळे काट्यावर वजन वाढतंय आणि उंदीर आतून खंगतोय असं होतं. म्हणून काट्यावर विसंबू नका, पाठीवरून आणि कमरेच्या हाडांवरून बोट फिरवून बघा, हाडं टोकदार लागली तर मांस झडलंय. पोट ताणलेलं, केस विस्कटलेले, पाठ वाकवून कोपऱ्यात बसणं, धापा टाकणं, यातलं काय दिसलं की थांबायचं हे फॉर्म बी मध्येच लिहून ठेवा, आणि तो दिवस आला की थांबा, टाइमपॉइंट दोन दिवसांवर आहे म्हणून त्या जिवाला ताटकळत ठेवायचं नाही. कोणी प्रोफेसर कितीही म्हणाले तरी. ऍनिमल हाऊसमध्ये रोज केज साफ करणाऱ्या दादांना किंवा मावशींना ही लक्षणं दाखवून ठेवा, ते रोज बघतात आणि बहुतेक वेळा तुमच्या आधी त्यांच्या लक्षात येतं.

कुठल्या आठवड्यात मारायचं हे प्रश्नावर आहे. सुरुवातीला टीएच१ प्रकारचा रिस्पॉन्स असतो जो अळीला आवर घालतो, नंतर टीएच२ कडे झुकतो आणि अळी मोकाट वाढते. २ आठवड्यांचा आणि ८ आठवड्यांचा उंदीर इम्युनॉलॉजीच्या दृष्टीने दोन वेगळे उंदीर आहेत, एकच टाइमपॉइंट घेऊन मोठी विधानं करू नका. औषध तपासताना इन्फेक्शन बसल्यावरच औषध सुरू करा, अल्बेंडाझोल आणि प्राझिक्वांटेलचे ग्रुप तुलनेला ठेवा, नुसतं सॉल्व्हंट दिलेला ग्रुपही हवाच.

मोजणी करताना सिस्ट तीन गटांत टाका: अंकुर नसलेल्या पारदर्शक, अंकुर असलेल्या, आणि गढूळ आटलेल्या. औषधाने कधी एकूण आकडा तितका बदलत नाही पण तिसरा गट फुगतो, ते एका आकड्यात दिसत नाही. हजारो असतील तर सगळ्या पीबीएसमध्ये मापाच्या नळकांड्यात बसू द्या आणि आकारमान लिहा. मोजणाऱ्याला ग्रुप माहीत नसावा. आकडे एका उंदराहून दुसऱ्यात भयंकर वेगळे येतात, त्यामुळे सरासरीवर जाऊ नका, लॉग घेऊन ऍनालिसिस करा, आणि स्टॅटिस्टिक्सवाल्याला प्रयोगाच्या आधी भेटा.

अँटिजेन हवं असेल तर धुतलेल्या सिस्ट फोडून आतलं पाणी घ्या, प्रोटिएज इन्हिबिटर घाला, थंड सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी छोट्या छोट्या ट्यूबमध्ये मायनस ८० ला. हे सिस्टमधलं पाणी, व्हेसिक्युलर फ्लुइड, माणसाच्या न्यूरोसिस्टिसर्कोसिसच्या एलायझाला, म्हणजे अँटीबॉडी शोधण्याच्या टेस्टला, चालतं, सोलियमची सिस्ट असलेलं डुक्कर शोधत बसावं लागत नाही, ब्राझीलमध्ये यावर भरपूर काम झालंय. फक्त एक सांभाळा, सिस्ट उंदराचे प्रोटीन आत ओढून घेते, त्यात उंदराचं आयजीजी, म्हणजे त्याच्या अँटीबॉडी, पण येतं. म्हणजे या अँटिजेनने प्लेट कोट करून तुम्ही उंदराचाच सिरम लावला आणि वर अँटी-माऊस सेकंडरी (उंदराच्या अँटीबॉडीला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी) टाकली की ती थेट कोटिंगलाच चिकटते, निगेटिव्ह कंट्रोलही पिवळाधमक. म्हणून सिरम न घातलेली विहीर प्रत्येक प्लेटवर पाहिजेच, आणि आयजीजी काढून टाकायला प्रोटीन-ए चा कॉलम वापरता येतो. माणसाच्या सिरमसाठी क्रॉस-ऍडसॉर्ब केलेली, म्हणजे उंदराच्या आयजीजीला न चिकटणारी, सेकंडरी घ्या. हायडॅटिडच्या पेशंटचा सिरमही या अँटिजेनशी थोडाफार जुळतो, तेव्हा ते सॅम्पल पॅनेलमध्ये ठेवा.

राहिलं स्ट्रेन टिकवणं. एकाच उंदरावर स्ट्रेन कधीच ठेवू नका, दोन साखळ्या चालवा, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, शक्यतो वेगळ्या रॅकवर, म्हणजे एका केजला काही झालं तरी दुसरी असते. प्रत्येक पॅसेजला नंबर, तारीख, डोनरचा नंबर, किती टोचल्या आणि किती निघाल्या हे लिहा. सलग दोन पॅसेजला वाढ मंदावली तर आधी सप्लायरने सबस्ट्रेन बदललं का ते विचारा, मग खाद्य, मग स्वतःचा इनॉक्युलम (टोचलेल्या सिस्ट), स्ट्रेनला दोष सगळ्यात शेवटी. मेलेले उंदीर, भुसा, पीबीएस, सगळं ऑटोक्लेव्ह करायचं, आणि उंदीर-भुसा त्यानंतरच बायोमेडिकल कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत.